झिजलेल्या काठाचं काउंटर

सांगली,
११ सप्टेंबर २०२५

चि. पारस यास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. पाऊस उघडला, नदीचं पाणी घाटाखाली गेलं. चंदना शनिवारी कोरेगावहून माहेरपणाला येते आहे. या पत्राचा फोटो काढून तीच तुला पाठवेल. फोन केला असता, पण फोनवर माझं पुरतं ऐकायच्या आधीच तू 'बरं आई' म्हणतोस.

काउंटर काढायला पुढच्या आठवड्यात सुतार येणार म्हणालास. 'हे आधी काढ' हा धोशा माझाच. इंग्लंडात घर घेतलंस ते जुन्या दारूच्या गुत्त्याचं, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी आणि तुझे आण्णा आलो तेव्हा मी किती नाक मुरडलं! सगळं घर गरम पाण्यानं धुऊन काढलं, तरी त्या लांबलचक काउंटरवर ताट ठेवलं नाही.

पण आता ते घर मनातून जात नाही रे. वाकून जायचं ते दार, डोक्यावरच्या काळ्या तुळया, आत कोण पितंय ते रस्त्यावरून दिसू नये म्हणून लावलेली दुधी काच. आण्णा ती बघून हसले होते. लाज तिकडंही आहे तर, म्हणाले.

तिथे दुपारीच अंधारून यायचं आणि आपलं जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत. तू काम टाकून धावत यायचास. आण्णा काउंटरच्या आत उभे असायचे, आपल्या हळदीच्या दुकानात असायचे तसेच. "काय दिऊ रं गड्या?" विचारायचे. तू दुकान सोडून गेलास तेव्हापासून तुझ्याशी धड न बोललेला माणूस तो. मध्ये काउंटर असलं की त्यांना बोलता यायचं, हे मला तिथे कळलं.

निघायच्या दिवशी तू बॅगा आणायला तळघरात उतरला होतास. आण्णांनी कोपरांनी झिजलेल्या त्या काठावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "पोरानं दुकान बरं थाटलंय की. माज्यापरीस लांब काउंटर हाय."

तुला सांगायचं म्हणता म्हणता चैत्रात आण्णाच गेले. मग सांगताना रडू येईल म्हणून राहिलं.

सुताराला नको म्हण. मी येते. चंदनाला तिकीट बघायला सांगणार आहे. तुझं ताट त्या काउंटरवरच वाढीन, आतल्या बाजूला उभी राहून.

सवयीनं खाली सही दोघांची झाली. खोडत नाही.

तुझे,
आई-आण्णा