परान्नाचा नेम

प्रिय धवल,

अनेक आशीर्वाद. फोनवर हा विषय काढला की तू ‘आई, ते नको’ म्हणतोस, आणि मग आपण दोघं माझ्या गुडघ्यांबद्दल नाहीतर पुण्यातल्या पाण्याबद्दल बोलत बसतो. म्हणून लिहायलाच घेतलं. मॅट्रिकनंतर एवढं सलग कधी लिहिलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

परवा सांगलीहून उदयसिंह आले होते. तेच, दवाखान्याच्या फाटकाशी पेशंटच्या माणसांना भाकरी वाटणाऱ्या मंडळाचे. चहाला हात लावेनात. सोप्यात खुर्ची असून खालीच बसले आणि म्हणाले, “काकी, फोटो टाकला ही आमची चूक झाली. पाया पडतो, पण धवलरावांना तेवढं सांगा.” तुझ्या वकिलाची नोटीस गेल्यापासून मंडळातली निम्मी माणसं घाबरून बाजूला झाली आहेत. देणारे विचारतात, भानगड काय आहे? पंधरवडा झाला, फाटकाशी भाकरी येत नाही. येत्या अमावास्येनंतर बैठक आहे, त्यात मंडळच मोडायचं म्हणतात. बाहेरगावची माणसं तिथं पायरीवर पाणी पिऊन बसत असतील, हे डोळ्यांपुढून हलत नाही.

तुझा राग मला कळतो रे. दिवाळीत देणगी मागताना त्यांनी माझा तो फोटो टाकला आणि अख्ख्या शिराळ्याच्या मोबाईलवर फिरला. पदर डोक्यावर, हात पुढे, मागे ‘भुकेल्यांना घास’ असा फलक. शेजारच्या काकूंनी ह्यांचं नाव घेऊन विचारलंच, “मधुकररावांच्या घरात काय कमी होतं गं?” कमी काहीच नव्हतं. माझ्या पिशवीत पैसे होते, समोर खानावळ होती. मी काटकसर करते, पण एवढीही नाही.

तुला माझा नेम माहीत आहे. देवशयनीपासून चार महिने परान्न घ्यायचं नाही, आपल्या चुलीवर शिजेल तेवढंच खायचं. लग्न झाल्यापासून मोडला नव्हता. श्रावणात ह्यांना सांगलीला हलवलं तेव्हा घरून राजगिऱ्याचे लाडू नेले होते. ते संपले. मग केळं आणि पाणी. मला वाटलं, आपण नेमाला घट्ट धरलं तर देव ह्यांना घट्ट धरेल. बायकांची अशी समजूत असते, तू हसू नकोस.

पण ह्यांचं लक्ष होतं. नळ्या लावलेल्या, बोलताना धाप लागायची, तरी विचारलं, “जेवलीस का?” मी म्हटलं, “केळं खाल्लं.” म्हणाले, “मी जेवण विचारतोय.” मी पेजेचा चमचा पुढे केला तर तोंड फिरवलं. तू खाऊन ये, मग मी घेतो. लहान मुलासारखा हट्ट. आता खाल्लं म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण ह्यांच्याशी मी आजवर खोटं बोलले नव्हते आणि त्या दिवशी तर मुळीच बोलवेना.

शेजारच्या खाटेवर आटपाडीचे बाळासो म्हणून होते. त्यांची बायको सुलाबाई, मेंढरांमागं आयुष्य काढलेली. तिनं सगळं ऐकलं. माझ्या दंडाला धरून म्हणाली, “आवं वैनी, द्येव काय वरनं बघतूय व्हय, कुणाच्या परातीतलं पीठ हाय ते? चला खाली.” जिन्यात मी खानावळीकडे वळले होते. मग वाटलं, विकतचं खाल्लं तरी नेम मोडायचाच. मोडायचाच आहे तर कुणी तरी चुलीशी बसून, आपलं नाव न सांगता थापलेल्या भाकरीनं मोडू दे. अशी मी रांगेत उभी राहिले.

तिथं एक पोरगा मोबाईल घेऊन सगळ्यांना सांगत होता, “हात जोडा, देणगीदारांना दाखवायचंय.” सुलाबाई फणकारली, “भाकरीला जोडते की. तुझ्या त्या डबड्याला न्हाई.” सगळी रांग हसली. फोटो नेमका तेव्हाचा आहे. माझी मान खाली आहे ती लाजेनं नव्हे रे, मला हसू आवरत नव्हतं. त्या दवाखान्यात मी हसले ती तेवढीच.

ज्वारीची भाकरी होती, एका कडेला जाड राहिलेली, आणि शेंगदाण्याची चटणी. थापणारी नवीन हाताची असावी. पायरीवर बसून मी सगळी खाल्ली. वर जाऊन सांगितलं, जेवले. म्हणाले, “काय होतं?” मी सांगितलं. “कुणाच्या घरची?” म्हटलं, “ठाऊक नाही.” “बरं झालं,” एवढंच म्हणाले आणि दोन चमचे पेज घेतली. पहाटे गेले.

तेरावं झाल्यावर रोजच्या खर्चाची वही उघडली, तर त्या भाकरीपाशी अडले. खर्च नव्हताच. जमा धरावी तर कुणाच्या नावे? आजवर मी भिशीत, देवळात, पूरग्रस्तांना जमेल तसं दिलं. देणाऱ्यांच्या बाजूला उभं राहणं सोपं असतं. घ्यायला उभी राहिले तेव्हा कळलं की कुणाचं तरी ऋण नाव न कळता अंगावर राहतं आणि तसंच वागवायचं असतं. बाळासो बरे होऊन आटपाडीला गेले. सुलाबाईचा अधूनमधून फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं, “वैनी, जेवला न्हवं?” दुसरं कुणी आता तसं विचारत नाही.

उदयसिंहांना मी स्पष्ट सांगितलं, घेणाऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही, त्यात माझ्या मुलाचं बरोबर आहे. ते म्हणाले, “काकी, फोटो दिसल्याबिगर लोकांचा हात सुटत न्हाई.” मी म्हटलं, मग थापणाऱ्या बायांचे टाका, त्या हौसेनं उभ्या राहतील. मान्य केलंय त्यांनी, वाटल्यास लिहून देतील. तेव्हा बैठकीआधी ती नोटीस मागे घे. मंडळ राहिलं तर दर सोमवारी इथून एसटीनं भाकऱ्या पाठवायचं मी कबूल केलं आहे. गल्लीतल्या चौघीजणी तयार आहेत.

पण नोटिशीपुरत्या दोन ओळी पुरल्या असत्या. तू पोचलास तेव्हा उजाडलं होतं. तू ह्यांचे पाय धरून बसलास, आणि तेव्हापासून कुणावर रागवायचं ते शोधतो आहेस. त्या रांगेत मी उभी आहे आणि शेजारी तू नाहीस, हेच तुला बघवत नाही ना? बाबांनी माझी वाट पाहिली का, असं तू एकदाही विचारलं नाहीस. खोटं मी लिहिणार नाही. पाहिली. दाराशी चप्पल वाजली की मान वळवायचे. पेज घेतल्यावर, रात्री उशिरा, तू पुण्याहून निघालेला असताना मी तुझा नंबर लावला होता, वाजतही होता, तर हातानं खूण करून बंद करायला लावला. म्हणाले, “नको. गाडी चालवत असेल, तसाच उचलेल तो. खंबाटकीची वळणं वाईट आहेत.” म्हणून त्यांचा आवाज तुझ्यापर्यंत आला नाही, बाळा. तू चुकवला नाहीस. त्यांनीच ठेवून घेतला.

तुझीच,
आई