माझ्या बहिऱ्या पेशी ऐकतात

१७ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या शोधाआधी माणूस काय विचार करत होता, हे कुठेतरी राहायला हवं.

बाहेर उणे एकोणीस. लॅबमध्ये मी एकटाच. माझ्या पेशी स्तनाच्या कॅन्सरच्या, आक्रमक जातीच्या. इस्ट्रोजेन या हार्मोनचा निरोप ऐकणारा रिसेप्टर, म्हणजे कानच, त्यांना नाही. त्यामुळे हा कॅन्सर झालेल्या बायकांना हार्मोन अडवणारी गोळी लागू पडत नाही. जग म्हणतं, ठार बहिऱ्या. मी म्हणतो, कान आहे, आत दडलाय. त्यांच्याशी धीरानं कुणी बोललंच नाही.

शांताल, आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, आजीकडे गेलीय. तिच्या पेशीही स्तनाच्या कॅन्सरच्याच, पण गरीब स्वभावाच्या. इस्ट्रोजेन दिलं की वाढतात, तोडलं की थांबतात. त्याही नव्या फ्लास्कमध्ये हलवा म्हणून तिनं मला गळ घातली होती. एका वेळी एकच जात बाहेर काढायची, आधी लेबल, मग पेशी, हा नियम नवशिक्यांसाठी. मी दोन्ही एकदमच उरकल्या. मार्कर सापडेना, म्हणून लेबलं नंतर लिहिली. स्मरणशक्ती उत्तम आहे माझी.

२ डिसेंबर
ऐकलं! इस्ट्रोजेन दिलं आणि माझ्या पेशी वाढल्या!! वीस वर्षं कॅनडातल्या या विनिपेगमध्ये गोठलो, त्याचं चीज झालं.

बॉसला, डॉ. सिंक्लेअरना, धावत जाऊन सांगितलं. म्हणाल्या, "छान. पुन्हा करून दाखव." मत्सर. दुसरं काय?

११ डिसेंबर
पुन्हा केलं, पुन्हा तेच. शिवाय पेशींचं रूपच पालटलंय. आधी लांबट, एकमेकींपासून फटकून राहायच्या. आता गोलसर, घोळक्यानं बिलगून बसतात. माणसाळल्या! मी रोज त्यांच्याशी बोलतो, त्याचा परिणाम असावा. शोधाच्या पेपरमध्ये हे लिहिणार नाही.

शांताल रडकुंडीला आलीय. तिच्या गरीब पेशी म्हणे उधळल्यात, औषधाला दाद देत नाहीत. मी प्रेमानं समजावलं, पेशींना लळा लावावा लागतो. तर म्हणाली, "रोमन, पेशी आहेत त्या, मांजरं नव्हेत." या पिढीला कुणी चार शब्द सांगितलेले खपत नाहीत.

१ जानेवारी
संकल्प: लवकर उठणे. चालायला जाणे. बहिणीला, दार्याला, दर रविवारी फोन करणे. (सगळं मार्चनंतर.)

मार्चमध्ये माझी नेमणूक संपते. पेपर छापायला गेला तर मुदत वाढेल, असं डॉ. सिंक्लेअर म्हणाल्या. म्हणजे वाढलीच.

उशिरा उठलो. वर्षाचा पहिला दिवस धरत नाहीत.

६ जानेवारी
आज आमच्या चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळची आदली रात्र. दार्याचा फोन. बारा पदार्थ तयार, तारा दिसला की जेवण, म्हणून पोरं पहिला तारा शोधायला खिडकीत, तू कधी निघतोस? म्हटलं, पेशींना संध्याकाळचा डोस द्यायचाय, जमणार नाही. शिवाय गाडीचं इंजिन गरम ठेवणारा हीटर प्लगला लावायचा राहिला, इंजिन गारठलंय. ती म्हणाली, "असू दे. गेलेल्या माणसांसाठी एक ताट जास्तीचं मांडतेच मी. तुलाही त्यांच्यातच धरते." गमतीनंच म्हणाली असणार. मागे पोरांचा गोंधळ चालला होता.

डोस दिला. जेवणाच्या खोलीत फ्रीजरमधल्या पिरोगी, आमच्या बटाट्याच्या करंज्या, गरम करून खाल्ल्या. आतून गारच होत्या. एकटं वाटलं नाही. थोडं वाटलं. मग खूपच वाटलं, म्हणून पेशींकडे एक चक्कर मारून आलो.

२३ जानेवारी
कळस! इस्ट्रोजेनचा कान बंद करणारी ती जुनी, साधी गोळी पेशींवर घालून पाहिली. वाढ थांबली! ज्या बायकांना डॉक्टर सांगतात की तुम्हाला ही गोळी चालणार नाही, त्यांना चालेल. सांगायला कुणी नव्हतं. सफाईवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "पाय उचला."

पेपर पाठवण्याआधी पेशींची डीएनए ओळखचाचणी हवी, असा डॉ. सिंक्लेअरांचा हट्ट. बापाला विचारायचं का, पोर तुझंच कशावरून? संतापून नमुना पाठवला. शांतालनंही तिचा पाठवला. दोन महिन्यांचं काम फेकून देते म्हणतेय. म्हटलं, सगळ्यांनाच जमतं असं नाही.

३ फेब्रुवारी
चाचणीचा निकाल. माझ्या फ्लास्कमध्ये गरीब पेशी आहेत. शंभर टक्के. आक्रमक आहेत त्या शांतालच्या फ्लास्कमध्ये.

डॉ. सिंक्लेअर म्हणाल्या, "रोमन, इस्ट्रोजेन ऐकणाऱ्या पेशी इस्ट्रोजेन ऐकतात, एवढं तू सिद्ध केलंस."

उघड आहे, चाचणीवाल्यांनीच नळ्यांची अदलाबदल केली. लेबलं वेळेवर लावली नसतील. लोक इतके निष्काळजी कसे असतात?

६ फेब्रुवारी
दुसऱ्या ठिकाणीही तोच निकाल.

शांतालनं एवढंच विचारलं, "त्या रविवारी लेबलं कधी लिहिलीत तुम्ही?" आठवत नाही म्हणालो. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिची पदवी आता लांबणार. माझी नेमणूक लांबणार नाही.

सगळ्या फ्लास्कमध्ये ब्लीच ओतलं. आधी माफी मागितली. पेशींची. शांतालची मागायला हवी होती.

९ फेब्रुवारी, रविवार
लवकर जाग आली. आज कुणाला खाऊ घालायचं नव्हतं. दार्याला फोन लावला. उचलला नाही. पोरांना घेऊन बर्फावर गेली असेल.

लॅबमध्ये गेलो. पेशी वाढवायच्या माझ्या रिकाम्या इन्क्युबेटरचं दार उघडलं. आत सदतीस डिग्री, माणसाच्या अंगाएवढी ऊब. दोन्ही हात आत घालून उभा राहिलो. दार उघडं राहिलं की अलार्म वाजतो, आणि वाजला की कुणीतरी बघायला येतं.

बराच वेळ वाजला. कुणी आलं नाही.