सकाळी आठची दुसरी सही

३ मार्च, सकाळी ९.१५
पत्र आलं. आमच्या होम केअर सेवेची गुणवत्ता आणि सुरक्षितता तपासणी सोळा तारखेला. नापास झालो तर नोंदणी रद्द, म्हणजे कारभार बंद. वीस घरं, पेशंट सांभाळणाऱ्या पंधरा मावश्या आणि संचालक मी. घाबरण्याचं कारण नाही. आमच्या फॉर्मवर एक रकाना रिकामा सापडणार नाही. पत्र तीनदा वाचलं, ते केवळ भाषा चांगली आहे म्हणून.

३ मार्च, दुपारी
सोबतची चेकलिस्ट पाहिली. कलम चौदा: अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला पलंगावरून खुर्चीत बसवताना दोन माणसं हवीत आणि तक्त्यावर दोघांच्या सह्या हव्यात. आमच्याकडे रोज दोन सह्या असतात. पहिली मावशींची, दुसरी माझी. मी प्रत्यक्ष जात नाही, पण मनाने तिथेच असतो. शनिवारी ऑफिसात चहा पिता पिता आठवड्याच्या सह्या एकदम करून टाकतो. याला टाइम मॅनेजमेंट म्हणतात.

५ मार्च
थोरल्या मावशी आल्या. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या. पोस्टमास्तर आजोबांकडे जातात. आजोबांची एक बाजू लुळी पडली आहे, वजन एक्याण्णव किलो. म्हणाल्या, साहेब, दुसरं माणूस द्या, एकटीच्या हातून आजोबा एक दिवस पडतील. हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मी टीमवर्कवर दहा मिनिटं बोललो. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, टीम कुठाय? असा नकारात्मक दृष्टिकोन असला की संस्था पुढे जात नाहीत.

८ मार्च
दोन वर्षांचे तक्ते तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. फार देखणे दिसतात. मग एक किरकोळ गोष्ट लक्षात आली. उचलून बसवायचे पेशंट अकरा. सगळ्यांची वेळ सकाळी आठ. म्हणजे दोन वर्षं, रोज सकाळी आठ वाजता, मी अकरा घरांत होतो.
जेवलो नाही.

९ मार्च
मार्ग सापडला. वेळा बदलायच्या. आठ, सव्वाआठ, साडेआठ, नऊ. दिवसभर खाडाखोड. आठाचा नऊ होत नाही, कितीही प्रेमाने केला तरी. चौथ्या तक्त्याला भोक पडलं. बायको म्हणाली, अहो, भोकावरही सही करून टाका. या घरात सपोर्ट नाही.

१० मार्च, ११.४०
तपासणी अधिकारी बाईंचा फोन. आवाज अगदी मऊ. ऑफिसात येणार नाहीत, थेट पेशंटच्या घरी येणार. पोस्टमास्तर आजोबांकडे, सकाळी आठला. तक्त्यावर दुसरी सही ज्यांची असते त्या गृहस्थांनाही बोलवा, म्हणाल्या, दोघं मिळून कसं उचलता ते बघू. अवश्य, म्हटलं. फोन ठेवल्यावर दोन ग्लास पाणी प्यायलो.
निश्चय: सहा दिवसांत शिकायचं. पोहणं नाही का लोक शिकत? (मला येत नाही, पण तो विषय वेगळा.)

११ मार्च, सकाळी ६
व्हिडिओ बघून बायकोवर सराव. गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, पेशंटला जवळ घ्या. बायको म्हणाली, सव्वीस वर्षांनी जवळ घेताय, तेही कलम चौदाखाली. पहिल्याच प्रयत्नात खुर्चीत बसली! नंतर कळलं की ती स्वतःच उठून बसली होती, दूध उतू जात होतं म्हणून. यश ते यश.

१२ मार्च
बायकोने संप केला. गादी गुंडाळून दोरीने बांधली आणि तिला उचललं. गादी सहकार्य करत नाही. दोनदा पडली. पण तक्रार केली नाही.

१३ मार्च
थोरल्या मावशींना गाठलं. शिकवा म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून रिफ्रेशर म्हटलं. त्यांनी विचारलं, शिकायचंय की नुसतं दाखवायचंय? दोन्ही, म्हटलं. मग जरा हळू आवाजात सुचवलं की बाईंनी विचारलंच तर साहेब रोज येतात असं सांगा. त्या गप्प राहिल्या. म्हणजे होकार.

१५ मार्च
अन्न जात नाही. नोंदणी गेली तर माझं काय, हाच विचार. पन्नाशीत दुसरं काय करणार? वीस घरांतल्या लोकांचं काय होईल, हे दुपारी चारच्या सुमाराला सुचलं. इतक्या उशिरा सुचलं याची लाज वाटली. भीती वाटते. उद्या सगळं छान होणार आहे.

१६ मार्च, दुपारी, अंथरुणातून
पावणेआठला निघालो. आजोबांचं घर सापडेना. शेवटी अधिकारी बाईंनाच फोन करून पत्ता विचारला. त्यांनी नीट सांगितला, अगदी डावं-उजवं करून.
आत गेलो तर आजोबांनी मावशींना विचारलं, हे कोण आलेत? मावशी गप्प. त्यांचं गप्प राहणं होकार नसतं, हे तेव्हा कळलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
ठरलं होतं, तीन म्हटलं की उचलायचं. मी दोनलाच उचललं. कमरेत कट्‌ झालं. आजोबा माझ्या बाजूला कलले आणि माझे हात सुटले. मावशींनी गुडघा खाली घातला, सगळा भार अंगावर घेतला आणि त्यांना खुर्चीत टेकवलं. मी वाकलेलाच. बाई म्हणाल्या, आता सरळ उभे राहा. म्हटलं, हीच पद्धत आहे.
जमेची बाजू: आजोबा पडले नाहीत.

१९ मार्च
नोंदणी रद्द. कारण क्रमांक एक: एकाच व्यक्तीची एकाच वेळी अकरा घरांत उपस्थिती. सगळे पेशंट आणि सगळ्या मावश्या दुसऱ्या सेवेकडे. मला कुणी विचारलंही नाही. अपील करणार! मुद्दे तयार आहेत. बसता आलं की लिहितो.

२१ मार्च, सकाळी
थोरल्या मावशी बघायला आल्या. मला कूससुद्धा बदलता येत नव्हती, बायकोने हात टेकले होते. मावशी तिला म्हणाल्या, तुम्ही खांद्याला धरा, मी कमरेला. दोघींनी मला वळवलं. जराही दुखलं नाही. इतकं सोपं असतं हे, दोघं असले की.
मावशींना मात्र लगेच सरळ होता येईना. कपाटाला धरून उभ्या राहिल्या, डोळे मिटून. विचारलं, काय झालं? म्हणाल्या, मणका. डॉक्टरांनी जानेवारीतच उचलायचं बंद करा म्हणून सांगितलं होतं. नव्या ठिकाणी त्यांना ऑफिसात टेलिफोन घ्यायचं काम मिळालंय. आजोबांकडे आजपासून दोघीजणी जातात.
मग उचलत का राहिलात, विचारलं. म्हणाल्या, आजोबा रोज आठ वाजायची वाट बघायचे ना.
माफ करा म्हटलं. असू दे साहेब, म्हणाल्या, आता दोन तास याच कुशीवर राहा, हलू नका.
हललो नाही.