गोळा जमा, लाइन मोकळी

इंदिरानगर, नाशिक
२ डिसेंबर २०२४

ती. पुंजामामांस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मामी आपल्या मनानं सांगते, म्हणून पत्र. मी ‘द्राक्षाच्या रसाच्या कंपनीत’ आहे असं ती शेजारणींना अजून सांगत असेल, तर तिला आता थांबवा. विंचूरच्या आमच्या वायनरीनं पंधरा दिवसांपूर्वी अकरा जणांना कामावरून कमी केलं. त्यात मी आहे. कामात खोट नव्हती. खप घटला, एवढंच साहेब म्हणाले.

बारा वर्षं मी टाक्यांतली वाइन वासावरून आणि चवीवरून तपासली. कुठली टाकी बिघडणार ते मला मशीनच्या आधी कळतं. दिंडोरीकडच्या सहादूकाकांची छोटी वायनरी आहे, त्यांनी लगेच बोलावलंही. पण कंपनीची नोटीस आली. नोकरीला लागताना सही केलेल्या कागदात अट आहे म्हणे, की नोकरी सुटल्यावर दोन वर्षं जिल्ह्यात दुसऱ्या वायनरीत काम करायचं नाही. सहादूकाका बिचकले. जानेवारीत द्राक्षं यायला लागतील. हा हंगाम हुकला की वर्ष गेलं. दोन वर्षं असंच बसले तर नाकही जाईल, अशी धास्ती वाटते. अडतीस वर्षं तुम्ही नियमानं रेल्वे स्टेशन चालवलंत. तुम्ही सांगाल ते करीन.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.

तुमची भाची,
मोहिनी


मनमाड
७ डिसेंबर

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. मामी रडली, मग डोळे पुसून शेजारी गेली आणि तू रजेवर आहेस असं सांगून आली. तिचं काही मी सुधारू शकत नाही.

आता रागावू नकोस. सही केलीस ना? मग पाळ. न वाचता सही करायची आणि मागून गळा काढायचा, हे मला पटत नाही. आम्ही एका सहीवर हजार माणसांची गाडी सोडायचो. दोन वर्षं दुसरं काही कर. त्यांची एखादी किल्ली, एखादा कागद तुझ्याकडे राहिला असेल तर आधी देऊन टाक.

ओरडलो तरी माया तेवढीच आहे.

तुझा मामा,
पुंजा


इंदिरानगर
१२ डिसेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

आधी रडले, मग हसले. तुमच्या करड्या शिस्तीचा मला अभिमान आहे, म्हणून तर तुम्हाला विचारलं.

बावीस पानं होती. ऑफिसातल्या मुलीनं बोट ठेवलं तिथे मी सही केली. चूक कबूल. पण कार्ड, किल्ल्या, लॅपटॉप, यीस्टचं मिश्रण लिहिलेली वहीसुद्धा मी देऊन आले. ते मिश्रण त्यांचं गुपित, ते माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. सहादूकाकांनी विचारलंही नाही. नाक मात्र मी घरून नेलं होतं, ते घरी परत आणलं. वकील म्हणाले की नोकरी संपल्यावरचं असं बंधन आपल्या कायद्यात सहसा टिकत नाही. पण सहादूकाकांना कोर्टाची पायरी नको, आणि मला कायद्याआधी तुमचा होकार हवा.

सुट्टीत मी तुमच्या नगरच्या बाजूच्या स्टेशनावर यायची, आठवतं? एकच लाइन होती. वेताच्या कड्यात अडकवलेला लोखंडी गोळा तुम्ही ड्रायव्हरला द्यायचात. गोळा हातात म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंत लाइन त्याची. तिथे गोळा जमा झाला, की लाइन दुसऱ्या गाडीला मोकळी. मी विचारलं होतं, गोळा जमा करून घेतला आणि तरी लाइन अडवून ठेवली तर? तुम्ही काय म्हणाला होतात, तेवढंच कळवा.

लोभ असावा, ओरडा थोडा कमी असावा.

मोहिनी


मनमाड
१७ डिसेंबर

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

आठवतं. असल्या स्टेशन मास्तरला घरी बसवलं पाहिजे, असं म्हणालो होतो. दोन दिवस तुझ्यावर चिडलो, मग स्वतःवर.

तू होऊन नोकरी सोडली असतीस तर मी अजून भांडलो असतो. पण काढलं त्यांनी. गोळा त्यांनी आपल्या हातानं जमा करून घेतला. मग लाइनवर त्यांचा कसला हक्क? काम द्यायचं नाही आणि करूही द्यायचं नाही, हे कुठल्याच नियमात बसत नाही. बेशक जा. हे पत्र सहादूंना दाखव. मी त्या आडमुठ्या गोष्टीला शिस्त समजलो, ते माझं चुकलं.

आशीर्वाद आहेतच, आता होकारही आहे.

मामा


इंदिरानगर
३ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

कालपासून कामावर आहे! सहादूकाकांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मामा लय सरळ माणूस हाय असं म्हणाले. कंपनीला वकिलाकडून उत्तर गेलंय. पुढे काय होईल ते बघू.

गंमत पुढेच आहे. त्यांनी माझ्यापुढे करार ठेवला आणि त्यातही तीच अट! कुठून तरी उतरवून घेतला होता, त्यांनी स्वतः वाचलाच नव्हता. मी दीड तास बसून सगळी पानं वाचली. शेवटी पेनानं लिहिलं, की मालकानं कामावरून कमी केलं तर ही अट त्याच दिवशी संपली. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, खाली सही केली आणि ते हसले. तुमच्यामुळे माझ्यात एवढं बळ आलं, मामा.

मामीला सांगा, रजा संपली.

मोहिनी


मनमाड
८ जानेवारी

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

मामी गल्लीभर सांगून आली. या वेळी ‘वायनरी’ म्हणाली.

पोरी, एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. सत्तर साली मी रेल्वेत लागलो तेव्हा हेडक्लार्कनं बोट ठेवलं तिथे सह्या ठोकल्या. एक ओळ वाचली नव्हती. तुला मात्र तोऱ्यात सुनावलं. आपल्या घरात वाचून सही करणारी तू पहिली आहेस.

तुझा मामा,
पुंजा