एका मिनिटाची शांतता

सोमवार, ४ फेब्रुवारी

बाईसाहेब आज पुन्हा हजर! वय एकवीस, चित्रपटाच्या शाळेतलं शेवटचं वर्ष, आणि हट्टीपणा माझ्या थोरल्या आत्याचा. वीस मिनिटांची थरारफिल्म, आवाज माझे. घरात एकटी मुलगी, जिन्यावर पावलं. जिन्याला तिला संगीत हवंय — व्हायोलिन, नगारे, काय काय. म्हटलं, "अगं, खुनी काय वाजतगाजत येतो का?"

खूप हसली. पण मागे हटली नाही. "काका, बाकी सगळीकडे तुमचं ऐकते. जिन्यावर शांतता नको."

मंगळवार, ५ फेब्रुवारी

हाड मोडलं! ओल्या फडक्यात गाजरं गुंडाळून माइकसमोर पिरगळली. बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, कोशिंबिरीचा खून कुणी केला?"

दुपारी वडील तिला न्यायला आले. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. आवाज मऊ, खालच्या पट्टीतला. 'स' म्हणताना किंचित शीळ वाजते — दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही, मला येते. म्हणाले, "समजलं, तुम्ही खांबांवर कर्णे बांधण्यापासून सुरुवात केलीत. असं शून्यातून उभं राहणं सोपं नसतं." पाठीवर हात ठेवला. मला माणूस आवडला. खोटं कशाला लिहू? आवडला.

बुधवार, ६ फेब्रुवारी

तिला आज समजावलं — शांतता म्हणजे रिकामी जागा नव्हे. प्रत्येक खोलीची वेगळी असते. कुठे पंखा, कुठे नळ, कुठे लांबचा रस्ता. म्हणून चित्रीकरण आटोपलं की सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता टिपून घ्यायची. संवादांमधल्या फटी बुजवायला तीच लागते. जिन्याची टिपलीस का, म्हटलं. टिपली होती. चित्रीकरण तिच्याच घरी झालंय. कार्ड देऊन गेली.

यंत्रात घातलं तर मिनिटाऐवजी एकेचाळीस मिनिटं! वेंधळी यंत्र बंद करायलाच विसरली. उद्या निवांत ऐकतो, त्यातलं एखादं स्वच्छ मिनिट सापडेल.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

सापडलं नाही.

आधी दोस्तमंडळींची गडबड, सामान उचलणं, टाटा-बाय-बाय. मग दार. मग फ्रिजची घरघर आणि तिचं गुणगुणणं. तेविसाव्या मिनिटाला कडी. जिन्यावर पावलं, सावकाश. आणि तो मऊ आवाज, शिळेसकट — "सगळ्यांना सगळं घर दाखवलंस?"

ती — "बाबा, चुकलं."

मग माराचा आवाज. नऊ वेळा. मी हा आवाज तीस वर्षं बनवतोय. आज कळलं, आम्ही फार मोठा बनवतो. खरा अगदी लहान असतो, उशी झटकल्यासारखा. ती रडली नाही. तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होती.



शुक्रवार, ८ फेब्रुवारी

ती आली. मी यंत्र सुरूच केलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि समजली.

"किती ऐकलंत?"

"सगळं."

बराच वेळ केबल गुंडाळत बसली. कोपराला वळसा घालून, नीट, मी शिकवलं तसं. मग म्हणाली, "पंधरा दिवस, काका. फिल्म जमा केली की मी इथून सुटले. दूर, दुसऱ्या शहरात काम ठरलंय. आता कुणाला बोललात तर ते मला घराबाहेर पडू देणार नाहीत. शब्द द्या."

दिला.

हिला सांगितलं. ही पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "शब्द तिला दिलात, की तुम्हालाच नको होतं झंझट?"



रविवार, १० फेब्रुवारी

जिन्याला व्हायोलिन घातलं. नगारेही घातले. तिला हवं तेवढं. 

बुधवार, १३ फेब्रुवारी

दोन दिवस बेपत्ता. आज आली. "सर्दी झाली होती," म्हणाली. चेहरा स्वच्छ, हसू जागेवर. पण एका वाक्यात तीनदा श्वास! वरचेवर, अर्धाच. डाव्या बाजूला अडतोय. मला कळणार नाही का? आयुष्यभर लोकांच्या बोलण्यातले श्वास कापतच आलोय.

"डॉक्टरकडे जाऊ या?"

"काका, शेवटच्या दृश्याची पावलं जरा मोठी करा ना."

केली. दोनदा चुकलो. अजून दहा दिवस. दहा दिवस पोर टिकेल का?

गुरुवार, १४ फेब्रुवारी

शब्द मोडतोय. तिला सांगितलं नाही. सांगितलं तर हातापाया पडेल आणि मी पुन्हा विरघळेन. हिने सदरा इस्त्री करून ठेवलाय, खिशात कार्ड घातलंय. उद्या सकाळी चौकी.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

चौकीतल्या साहेबांनी हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. मधे चहा आला तरी हलले नाहीत. मला वाटलं, जिंकलो. मग हेडफोन काढून विचारलं, "आपण करता काय?" सांगितलं — सिनेमाला आवाज देतो.

चेहराच खुलला त्यांचा. "तरीच! अहो, काटा आला अंगावर! हे मारण्याचं कशाने काढलंत?"

मी शपथा घेतल्या. हात जोडले. "बरं, बरं, खात्री करून घेऊ," म्हणाले, आणि माझ्यासमोरच तिच्या वडिलांना फोन लावला.