लॅसेल्सच्या तालाविषयी माझी शेवटची इच्छा

मी, एनिड मर्टल रो, वय एकाहत्तर, धंदा बेस गिटारवादन, राहणार किंग्स्टन, जमैका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून देत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. रागही शाबूत आहे. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, आंब्याच्या झाडासकट, माझी मुलगी मार्व्हलिन हिला. झाड तोडून गाडी उभी करायला जागा करू नये. जावयाला हे मोठ्याने वाचून दाखवावे.

२. माझा धाकटा भाऊ लॅसेल्स निवडणुकीच्या धामधुमीत एका पक्षाच्या बंदूकवाल्यांच्या गोळीने गेला. त्याच्या दफनाची माती हाताला असतानाच मी बेसवर एक ताल बसवला, गाण्याखाली सतत वाजत राहणारा. आमच्या स्टुडिओतला गायक बर्चेल याने त्यावर लॅसेल्ससाठी विलाप गायला. मग तिथल्याच प्रुडेन्सने त्याच तालावर प्रेमगीत गायले. लोक नाचले. मला बरे वाटले, लॅसेल्सलाही नाचायला आवडे.

पुढच्या निवडणुकीत दारावरून प्रचाराची गाडी गेली. भोंग्यावर माझा ताल. आई म्हणाली, "अगं, आपल्या लॅसेल्सचं गाणं!" आणि काठी टेकत फाटकापर्यंत गेली. तिथे तिला शब्द ऐकू आले. आमच्याच स्टुडिओतला एव्हरल्ड गात होता, लॅसेल्सला मारणाऱ्या त्याच पक्षाचा जयजयकार. आई फाटकाला धरून खाली बसली. त्यानंतर तिने घरात रेडिओ लावू दिला नाही.

मी स्टुडिओत गेले. मालक टलक हसला. "एनिड, ताल एकच, गाणी दहा. आपल्याकडे असंच चालतं, बाई."

"माझा भाऊपण एकच होता," मी म्हणाले, गिटार उचलली आणि त्या दारात पुन्हा पाय ठेवला नाही.

३. टलक मेला. त्याला काही देता येत नाही, याचे वाईट वाटते.

४. एव्हरल्ड गेल्या ईस्टरला सणाचा गोड पाव आणि चीज घेऊन आला होता. म्हणाला, "ताई, पोटासाठी गायलो गं." मी म्हणाले, "पोट मलाही होतं." पाव शेजारणीला दिला. त्याला मी माफ केलेले नाही, मेल्यावरही करणार नाही. अंत्यविधीला यावे, मागच्या बाकावर बसावे, तोंड उघडू नये.

५. गिटार नातीला, टेसाला. ती बेसुरी वाजवते, पण जोरात वाजवते.

६. प्रुडेन्सला काही ठेवलेले नाही. ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही घेता येत नाही, असे वकील म्हणतो. भांडण त्याच्याशी करावे.

७. कोर्टाने आता तालावर माझे नाव मान्य केले आहे. तो हक्क मार्व्हलिनला. कुणीही त्यावर देवाचे गावे, प्रेमाचे गावे, शिव्या द्याव्यात. फक्त कुठल्याही पक्षाला तो द्यायचा नाही. मारणाऱ्यांना नाही, त्यांच्या विरोधकांनाही नाही. दोघांनीही लॅसेल्सला आपला म्हणून मिरवले आहे. तो कुणाचाच नव्हता. तो आईसाठी दूध आणायला गेला होता.

वाचून, समजून सही केली.

एनिड मर्टल रो

आमच्यादेखत सही झाली:
प्रुडेन्स गेल, गायिका
ऑस्बर्न लिंडो, शिंपी, शेजारी

किंग्स्टन, १४ मार्च २०१९