गप्प राहून दिलेला होकार

ती. आईस, शेंडेफळाचा नमस्कार.

माझी इंटर्नशिप पक्की झाली. मला काम शिकवणाऱ्या ताईंनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं, तेव्हा आता काळजी नको.

मागे लिहिलं होतं ना, ही मंडळी आपापल्या नोकऱ्या सांभाळून हौसेनं सॉफ्टवेअर लिहितात आणि जगाला फुकट देतात. या कामात ज्यांना आजवर वाव मिळाला नाही, अशा एका मुलीला देणगीच्या पैशातून पगार देऊन शिकवावं, असं ताईंनी सगळ्यांना लिहून विचारलं. आठवडाभर कुणी चकार शब्द काढला नाही. आपल्याकडे बाबा गप्प बसले की नकार समजायचा. मी मुकाट्यानं घरी परतायची बॅग भरायला घेतली.

ताई म्हणाल्या, "अगं वेडे, इथे हरकत असेल तरच बोलतात. गप्प म्हणजे हो."

तेव्हापासून तरंगतेच आहे. खिडकीबाहेर धुकं आहे, समोरच्या घराचं नुसतं छप्पर दिसतं. वाटतं, दूरदूरच्या खोल्यांतून कितीतरी अनोळखी माणसं माझ्याकडे बघून हळूच मान डोलावतायत.

जेवण वेळेवर होतं. खोकलाही आता रात्रीपुरताच उरलाय. तुझा गुडघा कसा आहे? मी परत कधी येणार, असं बाबा अजून विचारतात का?

त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मी केलेली पहिली दुरुस्ती सोमवारी सगळ्यांसमोर तपासायला जाईल. ताई म्हणतात, त्या वेळी मात्र कुणीही गप्प बसणार नाही.

तुझीच,
धाकटी